एव्हिसने लिहून दिलेलं चौथं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रॅम्सक्लफचे नगराध्यक्ष माननीय थ्रेल्फॉल साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेल्या चॅपलच्या रेव्हरंड हॉवर्थबाई. मँचेस्टरहून या वयात दोन बस बदलून आलेले श्रीयुत लेन फिश्विक. आजची सत्कारमूर्ती आणि माझी धाकटी बहीण एव्हिस ऑर्मरॉड. आणि समोर बसलेल्या, तसंच खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझं अभिवादन.

नको, नको, थ्रेल्फॉल साहेब, खुर्ची नको. माझं राहू द्या, मी उभीच बरी आहे.

झालं. बघा. अजून भाषणाला सुरुवातही झाली नाही आणि सगळा हॉल हसला. मी विनोद केला नव्हता. माझा उजवा गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला फार वेळ घेतो, म्हणून मी उभी राहते. पण हसू नका असं मी म्हणणार नाही. पस्तीस वर्षं सगळा देश या वाक्याला हसतो आहे, आपल्याच गावाने का मागे राहावं?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. मी म्युरिएल. वय त्र्याहत्तर. बेचाळीस वर्षं नदीकाठच्या कारखान्यात घरात घालायच्या मऊ चपला शिवल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही, पण विचारलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि आई गेल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही. टेलिव्हिजनवर तुम्ही ज्या मिस टॅटर्सॉलला बघता, डोक्याला प्लॅस्टिकचा स्कार्फ, हातात पिशवी, खुर्ची दिली तरी न बसणारी, ती मी नव्हे. ती एव्हिस आहे. पण ती जे बोलते ते मी बोललेलं आहे.

आता माझ्या हातातल्या या चार कागदांबद्दल. हे भाषण मी लिहिलेलं नाही. एव्हिसने फोन केला. म्हणाली, "म्युरिएल, माझ्या निरोपाला तूच बोलायचंस हं."

मी म्हटलं, "मला कुठे बोलता येतं?"

"तू फक्त वाच गं. मी लिहून पाठवते. तुझ्याच बोलण्यात लिहिते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिला ते येतं. माझं बोलणं तिला माझ्याहून चांगलं येतं. चौथ्या दिवशी टपालाने ही पानं आली. छान टाइप केलेली आहेत. जागोजागी कंसात लिहिलंय: थांब, हसतील. एका ठिकाणी लिहिलंय: थांब, जास्त हसतील. तिथे मी खरोखरच थांबणार आहे, कारण तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

पहिलं पान वाचते. "आमची एव्हिस लहानपणी इतकी काडीसारखी होती की वाऱ्याच्या दिवशी आई तिच्या खिशात बटाटे घालून शाळेत पाठवायची." थांब, हसतील. हसलात. आता खरं सांगू का? ती चांगली गुबगुबीत होती. बटाटे खिशात नव्हते, पोटात होते. पण काडीसारखी म्हटलं की वाक्य नीट बसतं, असं तिचं म्हणणं. तिचं म्हणणं बरोबर असणार. वाक्य कुठे बसतं आणि कुठे बसत नाही यात तिचं सगळं आयुष्य गेलं. एकदा सुट्टीत घरी आलेली असताना एका वाक्यात केक ठेवावा की हॅम ठेवावा, यावर ती सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत विचार करत बसली होती. मी तेवढ्यात पायऱ्या घासल्या, कपडे वाळत घातले आणि दोघींचं जेवण केलं. शेवटी हॅम ठेवला.

पुढची पहिल्या पानावरची माहिती भराभर सांगते. सातव्या वर्षी रविवारच्या शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तिने मेंढीचं काम केलं आणि मेंढपाळापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या. सोळाव्या वर्षी आमच्याच कारखान्याच्या ऑफिसात लागली, अकरा महिन्यांनी सुटली. मग नाटक कंपनी, दर आठवड्याला नवं नाटक, भाड्याच्या थंड खोल्या. मग रेडिओ. मग टेलिव्हिजनवर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत मोलकरणीची, नर्सची, बस कंडक्टरची कामं, कुणीतरी लिहिलेली दोन-दोन वाक्यं. आणि मग एके दिवशी तिने ठरवलं की आपली वाक्यं आपणच लिहायची. त्या काळात बायका विनोद लिहीत नसत. लिहिलाच तर नवरा किंवा भाऊ तो वाचून दाखवी. आमच्या एव्हिसने लिहिला, स्वतः केला, आणि शेवटी स्वतःचं नावही टाकलं. मला त्याचा अभिमान आहे. हे वाक्य तिचं नाही, माझं आहे. कागदावर बघायचं असेल तर बघा.

दुसरं आणि तिसरं पान मी बाजूला ठेवते. त्यात माझ्यावरचे बरेच विनोद आहेत, ते तुम्हाला पाठ आहेत.

चौथं पान राहिलं. ते वाचायचं की नाही हे माझं अजून ठरायचंय. त्यात काय आहे ते आधी सांगते, नाहीतर मी मध्येच घुटमळले तर तुम्हाला वाटेल म्हातारीचा चष्मा हरवला.

फेब्रुवारीत एव्हिसचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, म्हणजे गंभीर. त्यात होतं की मार्चअखेरीस काम थांबवते आहे. लंडनमधल्या घरात आता कुणी नाही. प्रेक्षक हसतात ते ऐकू येतं, पण पूर्वीसारखं आत काही होत नाही. आणि शेवटी एक ओळ होती: म्युरिएल, मी घरी येऊ का? मागची खोली रिकामी आहे ना?

मी उत्तर दिलं नाही. आज नऊ आठवडे झाले. पत्र घड्याळामागे ठेवलं, रोज सकाळी घड्याळाला चावी देताना ते दिसतं. राग होता म्हणून उत्तर दिलं नाही, असं तिला वाटलं असेल. राग असता तर बरं झालं असतं. ये म्हणावंसं वाटत नव्हतं, येऊ नको म्हणावंसंही वाटत नव्हतं. दातवाल्याने सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं. मला हे नवीन नाही. बरीच वर्षं असंच आहे.

तर उत्तर येत नाही म्हटल्यावर एव्हिसने काय केलं? माझं उत्तर तिने लिहून पाठवलं. चौथं पान. "तर आमची एव्हिस, मागच्या खोलीतला बिछाना उबवून ठेवलाय, ये घरी." कंसात: थांब, टाळ्या.

टाळ्या नकोत. मी वाचलं नाही अजून, फक्त काय लिहिलंय ते सांगितलं. अध्यक्षमहाराज, या दोन्हीत फरक आहे, आपण नगरपालिकेत इतकी वर्षं आहात, आपल्याला कळेल.

आता आईच्या अंत्यविधीचं सांगावं लागेल. तुम्ही म्हणाल, म्युरिएल, ते आम्हाला माहीत आहे, दर नाताळात दाखवतात. हो, दाखवतात. पण आधी ते घडलंही होतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना. आई बुधवारी पहाटे गेली, शनिवारी विधी होता. त्रेचाळीस माणसं चहाला येणार होती. मी हॅम उकडला, पाव कापले, चॅपलमधून चहाचा मोठा बंब उसना आणला. आई पुढच्या खोलीत शवपेटीत, पडदे ओढलेले, आणि मी मागे कपबशा पुसतेय. पुसायचं फडकं माझ्या डाव्या खांद्यावर असतं. नेहमीच असतं. आमची एव्हिस आदल्या दिवशी गाडीने आली होती. ती जिन्यात बसली होती, मांडीवर छोटी लाल वही घेऊन काहीतरी लिहीत. मला वाटलं, कुणी कुणी फुलं पाठवली त्याची यादी करतेय, आभाराची पत्रं पाठवायला. मी मनात म्हटलं, चला, पहिल्यांदाच आमच्या एव्हिसला घरातलं काही सुचलं. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "ती यादी दे गं." ती लाल झाली. म्हणाली, "हरवली." दोन तासांत यादी कशी हरवते, असं मी विचारलं नाही. बंब परत करायचा होता.

त्या दिवशी मी रडले नाही. लोक म्हणाले, म्युरिएल किती खंबीर आहे. खंबीर कसली? त्रेचाळीस माणसांना चहा द्यायचा होता. मला वाटलं, नंतर रडेन. नंतर करू म्हणून ठेवलेली कामं कशी राहून जातात तुम्हाला माहीत आहे. तो दिवसच माझ्या डोक्यातून निघून गेला. हॅम चांगला झाला होता, एवढंच आठवत होतं.

दोन वर्षांनी एव्हिसचा स्वतःचा कार्यक्रम आला. चित्रीकरणाला समोर प्रेक्षक लागतात, म्हणून तिने आम्हा चॅपलच्या बायकांना तिकिटं पाठवली. खास बस केली आम्ही. मी आणि ऑलिव्ह शटलवर्थ पहिल्या रांगेत. ऑलिव्ह, तू मागे का बसलीस आज? असो. कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना खुलवायला एक माणूस येतो. टॉफ्या वाटतो, चार चुटके सांगतो, हसायची सवय करून देतो. ते हे आपले फिश्विक साहेब. तेव्हा त्यांना केस होते.

आणि मग एव्हिस आली. प्लॅस्टिकचा स्कार्फ, पिशवी. घरात अंत्यविधी आहे, ही बाई सगळ्यांना बसवतेय आणि स्वतः उभी. चौघे पेटी उचलून अरुंद दारातून बाहेर काढताहेत, पेटी अडकते, आणि ही मागून म्हणते, "जरा जपून, मंगळवारीच रंग दिलाय!"

मी इतकी हसले की टॉफी घशात गेली. ऑलिव्हला म्हटलं, "काय बाई तरी! माणूस जातंय घरातनं आणि हिला रंगाचं पडलंय!"

ऑलिव्ह हसली नाही. मला वाटलं, तिला विनोद कळला नाही.

तुम्ही विचाराल, स्वतःचं वाक्य कसं ओळखू आलं नाही? पण आपण बोलताना आपल्याला बघतो का? मला तर ती कुठली तरी मूर्ख, नेटकी, कोरड्या मनाची बाई वाटली. इथेच हे थांबलं असतं. पण कॅमेरा बिघडला. तो सगळा प्रवेश पुन्हा करायचा ठरला. फिश्विक साहेब पुढे आले आणि म्हणाले, "मंडळी, आता तेच पुन्हा ऐकायचंय. पण हसायचं मात्र पहिल्यांदाच ऐकताय असं. करणार ना माझ्यासाठी?"

दुसऱ्यांदा ऐकताना हसू शिल्लक नसतं, म्हणून माणूस बघत बसतो. मी बघितलं. तिच्या डाव्या खांद्यावर फडकं होतं. बंबाची तोटी दोनदा बंद करून पुन्हा एकदा चाचपायची, ते होतं. मग पेटी आली, दार आलं. आणि मला तो शनिवार आठवला, सगळा, एकदम. ती वही यादीची नव्हती हेही कळलं.

आणि वाक्य आल्यावर मी हसले. सांगितलं होतं ना हसायला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, कारण आपल्यामुळे पोरीचं काम पुन्हा बिघडायला नको. तुम्ही दर नाताळात जे ऐकता, पेटी अडकल्यावर एक बाई सगळ्यांच्या आधी किंचाळल्यासारखी हसते, ती मी. पहिल्या वेळचं हसू त्या बिघडलेल्या कॅमेऱ्याबरोबर गेलं. ठेवलंय ते दुसऱ्या वेळचं.

परतीच्या बसमध्ये ऑलिव्ह म्हणाली, "म्युरिएल, अगं ती तू होतीस."

मी म्हटलं, "माहीत आहे." आणि सँडविचचा डबा फिरवला. तेव्हापासून माझा तो गाल, म्हणजे मी मघाशी सांगितला तो, जागा झाला नाही.

एव्हिसने दुसऱ्या दिवशी फोन केला. "म्युरिएल, वाईट वाटलं का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"मला काही वाटलंच नाही."

पलीकडून मला पेन्सिलचा आवाज आला. ते वाक्य पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात होतं. खूप गाजलं.

मला तिची तक्रार करायची नाही. आज तिच्या निरोपाचा दिवस आहे, आणि तिने मिस टॅटर्सॉलची कॉलर नेहमी स्वच्छ ठेवली, तिला कधी दारुडी केली नाही, कुणाच्या दाराला कान लावून उभी केली नाही. पण एक अडचण झाली ती सांगते. माझ्यासारख्या बाईला जगायला किती वाक्यं लागतात? वीस-पंचवीस. दुकानात दोन, बसमध्ये एक, चॅपलमध्ये तीन-चार. ती एकेक करून टेलिव्हिजनवर गेली. मी मांसवाल्याकडे म्हणायची, "दोनच तुकडे द्या, खाणारी मी एकटी." ते गेलं, आणि पुढच्या शनिवारी मी ते म्हटल्यावर सगळी रांग हसून लोटपोट. मांसवाला म्हणाला, "म्युरिएल, पुन्हा म्हण ना, माझ्या बायकोला बोलावतो." मग मी बोटं दाखवायला लागले. दोन बोटं. मग बसमध्ये नुसतं तिकीट पुढे करायला लागले. खुर्ची दिली की गुडघा दुखला तरी बसायला लागले. लंडनच्या राजवाड्यात एव्हिसला पदक मिळालं तेव्हा तिने मला बरोबर नेलं होतं. तिथल्या झगमगीत कपड्यातल्या माणसाने खुर्ची दाखवली. मी तोंड उघडलं नाही, बसले. परत उठताना दोघांना धरावं लागलं.

पस्तीस वर्षं मी गावात फारशी बोललेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. आज एवढं बोलतेय ते बऱ्याच वर्षांचं साठलेलं आहे. रेव्हरंडबाई घड्याळ बघताहेत. पाच मिनिटं द्या.

आता दाराचं सांगते. हे एव्हिसच्या कुठल्याच पानावर नाही, कारण हे तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांची दारं तेव्हा तपकिरी होती. आईला हिरवं हवं होतं. व्हिटच्या सणाला, उन्हाळ्याच्या तोंडावर निघते त्या मिरवणुकीत चॅपलचा बँड आमच्या दारावरून जातो, तर आईचं म्हणणं, "यंदा हिरवं करू गं म्युरिएल. बँडवाल्यांना कळलं पाहिजे, इथे कुणीतरी राहतं." मी म्हणायची, करू. मार्च गेला, एप्रिल गेला. कारखान्यात जादा काम होतं. मेमध्ये एका सोमवारी डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन म्हणाले, फार दिवस नाहीत. मंगळवारी कामावरून येताना मी हिरव्या रंगाचा डबा घेतला आणि अंगावरचा कोटसुद्धा न काढता दार रंगवायला घेतलं. घाईत हात जाड बसत होता. आईचा पलंग पुढच्या खोलीत होता, पण तिथून दार दिसत नव्हतं. आतून म्हणाली, "वास काय छान येतोय. झालं की मला उचलून दाखव हं."

मी म्हटलं, "उद्या. आज ओलं आहे. उद्या उजेडात बघू."

बुधवारी पहाटे ती गेली.

शनिवारपर्यंत रंग वाळायला हवा होता. पण हवा दमट, आणि जाड हात, कडेला अजून चिकटत होता. तिने न बघितलेल्या दारातून तिला बाहेर नेत होते. तिने माझ्याकडे मागितलेलं ते एकच काम मी केलं होतं, तेही उशिरा. म्हणून म्हटलं मी, जरा जपून. पेटीचा कोपरा घासलाच. डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर. त्यानंतर दर तीन वर्षांनी मी दाराला तोच हिरवा रंग देते, तेवढी खूण सोडून.

बरं आहे. हॉल शांत झाला. इथे कंसात काही लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला कळत नाहीये काय करायचं. काही करू नका.

एव्हिसकडे मी मुद्दाम बघत नव्हते, आता बघते. एव्हिस, वही कुठे आहे? पिशवीत? पिशवी बंद आहे. बरं.

तुम्हाला वाटेल, एवढं सांगून झालं, आता म्युरिएलला रडू येईल. नाही येत. मी घरून निघताना दोन रुमाल घेतले होते, दोन्ही घडीचे तसेच आहेत. चौथं पानही मी वाचणार नाही. चांगलं लिहिलंय, पण माझं नाही ते. मी असं बोलत नाही. आणि बिछाना उबवून ठेवलाय हे तिने अंदाजाने लिहिलं. अंदाज बरोबर निघाला ही गोष्ट वेगळी. फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी मी मागच्या खोलीतल्या बिछान्यात गरम पाण्याची बाटली ठेवतेय. का ठेवतेय हे मला विचारू नका. मनात काही नव्हतं. हात ठेवत होते.

अट मात्र आहे. लाल वही स्वयंपाकघरात आणायची नाही. हात शिवशिवायलाच लागले तर आभाराची पत्रं लिहायची आहेत. आईच्या फुलांची. सदतीस वर्षं राहिलीत. बरीच माणसं गेली, पण ऑलिव्ह आहे अजून, तिने पांढरी फुलं दिली होती. तिथून सुरुवात करता येईल.

तर मंडळी, आपल्या कलाकाराचा मान आपल्या गावाने राखला, त्याबद्दल नगराध्यक्षांचे आणि नगरपालिकेचे आभार. रेव्हरंडबाईंचे आभार, चहाचा बंब आजही चॅपलचाच आहे आणि तो मीच पोचता करणार आहे. फिश्विक साहेब, तुमचे आभार, तुम्ही तेव्हा तुमचं काम केलंत, मी माझं केलं. पस्तीस वर्षं माझ्या बहिणीला हसू देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याची सवय मोडलेली आहे, त्यामुळे कुठे कमीजास्त बोलले असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर घरचीच बाई आहे असं समजून पोटात घाला.

एव्हिस, कोट घाल. पावणेसहाची बस गाठायची आहे. सामान अध्यक्षांची गाडी मागून आणेल, मी बोलून ठेवलंय. मागची खोली तयार आहे. आणि दारातून आत येताना जरा जपून. तिसरं वर्ष लागायला अजून अवकाश आहे, पण मंगळवारीच रंग दिलाय.